तोंडाला स्पिरिट

आमच्या घरातल्या पुरुषांना दाढीनंतर तोंडाची आग झाली नाही, तर दाढी झाली असं वाटतच नाही. आमचा धंदा जुन्या फर्निचरला हाताने पॉलिश करण्याचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर एकावर एक पातळ थर देत राहायचं. त्यामुळे कारखान्यात दुसरं काही असो नसो, स्पिरिटचा डबा कायम भरलेला. आजोबांनी कधीतरी दाढीनंतर त्यातलंच थोडं हातावर ओतून गालाला चोळलं. त्यांचं बघून बाबांनी चोळलं, काकांनी चोळलं आणि मग तो रिवाज झाला. त्या डब्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली आहेत. ती कवटी रोज सकाळी आमच्याकडे बघून हसते. हसणारच, तिला गालच नाहीत.

"मग दाढी वाढव की, प्रश्न मिटला," असं मला बऱ्याच शहाण्यांनी सांगितलं आहे. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं! ओल्या पॉलिशवर एक केस पडला तर अख्खी फळी पुन्हा घासावी लागते. म्हणून कारखान्यात दाढी-मिशी बंद. माझी ताई लहान असताना तिला तर दारातूनच परत पाठवायचे, केस लांब म्हणून. आम्हा बाकीच्यांसाठी बेसिन, वर आरसा आणि शेजारच्या फळीवर तो डबा. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने दाढी करायची. आधी वरून खाली, मग कातडी ताणून खालून वर, तोंड काचेसारखं गुळगुळीत झालं की स्पिरिट. ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं तो कच्चा. बाबांच्या डोळ्यांत कधी पाणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. स्पिरिट चोळलं की ते थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, बाहेर ऊन कसं आहे ते बघायला. ऊन बघूनच ते ठरवायचे की आज पॉलिश लवकर वाळणार की उशिरा.

मी कच्चा. माझे केस कुरळे. उलटा हात मारून मुळाशी कापले की ते बाहेर यायच्या ऐवजी वळून आत शिरतात आणि तिथे फोड येतो. हनुवटीखाली आणि मानेवर तर मोकळी जागा उरलीच नव्हती. त्यावर रोज स्पिरिट, मग दिवसभर काचपेपरची धूळ. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ना, आमच्याकडे ते वेगळं चोळायला लागत नव्हतं. बायको जवळ आली की आधी विचारायची, "आज कुठल्या बाजूला दुखत नाहीये?" लग्न झालेल्या माणसाला हा प्रश्न ऐकावा लागावा, यापेक्षा जास्त मी काय सांगू.

यावर सगळ्यात जास्त करमणूक व्हायची ती माझ्या चुलतभावाची. त्याला सगळे फवारा म्हणतात. एक तर तो बोलायला लागला की थांबत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्या डोक्यात पॉलिश फवारण्याचं मशीन बसलेलं आहे. हाताने पॉलिश करणं म्हणजे त्याच्या मते म्हाताऱ्यांचा टाइमपास. मशीन आणायचं, सगळ्यावर एक चकचकीत थर मारायचा आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं. मला त्याने नाव ठेवलं मखमल. "मखमलला जपा रे, ओरखडा पडेल!" असं म्हणत तो स्वतःच्या गालावर थपाथप स्पिरिट मारायचा आणि मग मानेला घामासाठी म्हणून भरपूर पावडर थापायचा. दोघे कारागीर खो खो हसायचे. बाबा हसायचे नाहीत, पण हसू नका असंही म्हणायचे नाहीत.

मी हे आणखी काही वर्षं सोसलंही असतं. पण बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. टेबलाच्या पायांना पॉलिश करायला त्यांना खाली बसता येईना. एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी किल्ली देतो." किल्ली म्हणजे कारखान्याची. ज्याच्याकडे किल्ली, तो ठरवणार काम कसं होणार. आमच्याकडे किल्ली नुसती हातात देत नाहीत. जुना मालक नव्या मालकाला खुर्चीवर बसवतो, आजोबांच्या पितळी रेझरने सगळ्यांदेखत त्याची दाढी करतो, सुलट आणि उलट, आणि शेवटी बोळा भरून स्पिरिट लावतो. नव्या मालकाने हूं की चूं करायचं नाही. मग किल्ली. "आधी तुझा नंबर," बाबा मला म्हणाले. "तुला झेपलं नाही तर हा आहेच." हा म्हणजे फवारा.

मला किल्ली हवी होती. अगदी सरळ सांगतो, हावरटासारखी हवी होती. सगळं तरुणपण त्या बोळ्यात गेलं होतं. हाताने चढवलेल्या पॉलिशमध्ये लाकूड आतून उजळतं, ते मी शिकलो होतो आणि ते मशीनखाली मेलेलं मला बघायचं नव्हतं. म्हणून ठरवलं, त्या सोमवारपर्यंत तोंड सुधारायचं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी ताईला न विचारता एकटाच बाजारात गेलो. पुरुषांच्या फळीवर सगळं काळं. काळ्या बाटल्या, काळ्या ट्यूब, त्यांवर विजा, लांडगे, बर्फाचे कडे. तोंड धुवायचं आहे की युद्धाला जायचं आहे, कळेना. मी कोळशाचा फेसवॉश घेतला, दाणेदार स्क्रब घेतला, पाच पात्यांचा रेझर घेतला आणि निळं आफ्टरशेव्ह घेतलं, ज्यावर लिहिलं होतं की याने चेहरा जागा होतो. झाला. स्क्रबने घासघास घासलं, पाच पात्यांनी उलट-सुलट खरवडलं आणि ते निळं पाणी ओतलं. मी जागा झालो, शेजारीही जागे झाले.

मग तोंडाला रुमाल बांधून ताईकडे गेलो. ताई एका मोठ्या औषधांच्या दुकानात क्रीम-साबणांच्या काउंटरवर उभी असते. मी रुमाल काढला. तिने मला हाताला धरून दिव्याखाली उभं केलं.

"हे कशाने केलंस?"

"स्क्रब."

"आणि वर?"

मी बाटल्यांची पिशवी पुढे केली. तिने एकेक वस्तू काढून बघितली आणि पिशवीत परत टाकली, मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तशी. "तू तोंडाला काचपेपर मारलास," ती म्हणाली. "वर दारू ओतलीस. कारखान्यात अजून ते कवटीवालं लावता ना?"

"रिवाज आहे."

"रिवाज! ते प्यालं तर माणूस आंधळा होतो. आणि मला दारातून हाकलायचे, का तर माझा एखादा केस पडेल!" ताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो राग माझ्यावर नव्हता, खूप जुना होता. मग तिने खालच्या फळीवरून, जिथे कोणी वाकून बघत नाही तिथून, एक साधी पांढरी ट्यूब काढली. वीज नाही, लांडगा नाही, वास नाही. "पुरुषांसाठी असं नाही लिहिलंय यावर," मी म्हटलं. "कातडीसाठी असं लिहिलंय," ती म्हणाली. "तुला आहे ना कातडी?"

तिने मला शाळेतल्यासारखं समोर उभं करून शिकवलं. जखमा भरेपर्यंत पातं लावायचं नाही. मग दाढीआधी कोमट पाण्याने तोंड भिजवायचं, केस मऊ होऊ द्यायचे. फेसाचा साबण बिनवासाचा. एकाच पात्याचा रेझर, "आजोबांचा असेल तोच चांगला, त्याचा काही दोष नाही." दाबायचं नाही. केस ज्या बाजूला झोपतात त्याच बाजूने जायचं, एकदाच. थोडे खुंट राहिले तर राहू देत. गार पाणी, पंच्याने टिपायचं, चोळायचं नाही, आणि ओलसर असतानाच ट्यूबमधलं बोटभर.

"पण मानेवर केस कुठल्या बाजूला झोपतात ते दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसायचं कशाला? डोळे मिट. बोट फिरव. जिथे बोट अडकतं, ती उलट बाजू."

मी डोळे मिटून मानेवरून बोट फिरवलं आणि तिथेच, काउंटरसमोर, मोठ्याने हसलो. कारण हे मला कोणी तरी आधी शिकवलं होतं. बाबांनी. लाकडावर. त्यांच्या हाताखाली आलो त्या दिवसापासून ते एकच सांगत आले होते, "डोळ्यांवर विसंबू नकोस, हात फिरवून बघ. रेष कुठे चालली आहे ते बघ आणि तिच्या बाजूने घास." रेषेच्या उलट काचपेपर फिरवला तर ते लाकडी पट्टीने मनगटावर हाणायचे. आणि हाच माणूस रोज सकाळी स्वतःच्या गळ्यावर उलटा रेझर चालवत होता आणि पोरांना चालवायला लावत होता. दिव्याखाली अंधार दुसरं काय!

जखमा भरेपर्यंत मी मागच्या अंगणातलं काम मागून घेतलं. जुनं पॉलिश खरवडून काढायचं, तिथे केस पडला तरी कोण विचारतो. फवाऱ्याला आनंदाचं भरतं आलं. मग एके सकाळी मी पुन्हा आरशासमोर उभा राहिलो, ताईने सांगितलं तसा. सावकाश, एकाच बाजूने. मानेवर डाव्या अंगाला केस आडवे झोपतात आणि हनुवटीखाली भोवरा आहे, लाकडात गाठ असते तसा, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. तोंड धुतलं, टिपलं आणि खिशातून ट्यूब काढली.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"क्रीम."

"कुठे लग्नाला जायचंय?"

"अहो काका, बोहल्यावर चढतोय मखमल!" फवारा म्हणाला. "मेंदी काढायची का हातावर?"

"तुझ्या तोंडावर काढू का?" मी म्हणालो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण गंमत म्हणजे गालाची आग होत नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझा राग तोंडाच्या आगीत वाया गेला नव्हता, डोक्याच्या कामी आला होता. मी त्यांच्या नाकावर टिच्चून सगळ्या मानेला क्रीम लावलं.

बाबा जवळ आले. माझ्या गालावर उरलेले बारीक खुंट त्यांनी डोळे बारीक करून बघितले. "सोमवारी हे नखरे चालणार नाहीत," ते म्हणाले. "उलटा हात मारणार आणि स्पिरिट लावणार. जमत नसेल तर आत्ताच सांग, उगाच चार लोकांत शोभा नको."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोस ना, किल्ली हातात आली की मग तुझं तूच ठरव."

"एका दिवसाचा नाहीये," मी म्हणालो. "त्या खुर्चीवर बसून मी एकदा सोसलं, की दुसऱ्या दिवशी इतरांना लावायला मीच उभा राहणार. तोंड गप्प ठेवून किल्ली घेतलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

तिने माझ्या मानेकडे बघितलं. तिथली कातडी आता हळूहळू माणसाच्या कातडीसारखी दिसायला लागली होती. "मग नाही म्हण," ती म्हणाली. "पण नाही म्हणताना मान खाली घालू नकोस. आत्ता कुठे चांगली झाली आहे."

सोमवारी कारखाना झाडून लख्ख केला होता. मधोमध एका वकीलबाईंचं गोल टेबल उभं होतं, आदल्याच दिवशी पूर्ण झालेलं. बाबांनी आणि मी मिळून केलेलं ते शेवटचं काम. वरचा भाग त्यांनी केला होता, पाय मी. त्यात छतावरचा दिवा जसाच्या तसा दिसत होता. शेजारी खुर्ची ठेवली होती. एका बाजूला फवारा, मानेला ताजी पावडर थापून, हाताची घडी घालून उभा. दुसऱ्या बाजूला दोघे कारागीर. बाबांनी आजोबांचा पितळी रेझर धुऊन पुसून ठेवला होता. फळीवरून डबा काढून खुर्चीजवळच्या स्टुलावर आणला होता आणि त्याच्या शेजारी एक नवा बोळा.

मी बसलो. बाबांनी फेस लावला. सुलट हात मारला, आणि खरं सांगतो, काय हात होता! पिसासारखा हलका. वरून खाली आले आणि थांबले. मग माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणाले, "मान वर."

मी त्यांचं मनगट धरलं. "नाही."

"काय नाही?"

"उलटा हात नाही. स्पिरिट नाही. एवढ्यात झाली माझी दाढी."

फवारा फिस्सकन हसला. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मनगट सोड."

"सोडतो. आधी हात फिरवून बघा." मी त्यांची बोटं माझ्या गळ्याशी नेली. "डोळ्यांनी नको. हात फिरवून बघा आणि सांगा, हे लाकूड असतं तर कुठून घासलं असतंत?"

त्यांना ते करायचं नव्हतं. पण त्या बोटांना जन्मभर एकच सवय. ती आपोआप चालायला लागली. कानाखालून सरळ आली, डाव्या बाजूला आडवी वळली, हनुवटीखालच्या भोवऱ्याशी येऊन थबकली, परत गेली, पुन्हा आली. लाकडात गाठ सापडली की ते असेच थबकतात. मग त्यांनी झटकन हात काढून घेतला.

"तोंड म्हणजे लाकूड नाही," ते म्हणाले.

"मग त्याला स्पिरिट कशाला लावता?"

कारागिरांपैकी एकाला ठसका लागला. बाबांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या आजोबांनी लावलं, मी लावलं, तुझ्या काकाने लावलं! आम्ही काय मेलो?"

मी उठलो. फेस गळ्यावरून शर्टात ओघळत होता. मी स्टुलावरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि वकीलबाईंच्या टेबलावर धरला. डबा तिरका केला, अगदी काठापर्यंत.

"अरे!" बाबा किंचाळले. मी त्यांना असं किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं. "शुद्धीवर आहेस का? पॉलिश उतरेल! पांढरा डाग पडेल!"

"थोडंसंच ओततो. रोज थोडंसं. रिवाज म्हणून."

"डबा बाजूला घे!"

"टेबलावर एक थेंब पडणार म्हणून तुमचा जीव खालीवर झाला," मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला, फाटू दे. "माझ्या तोंडावर रोज ओतत होता तेव्हा कुठे होता हा जीव? माझं तोंड या टेबलापेक्षा स्वस्त आहे का, बाबा?"

मी डबा सरळ केला, झाकण लावलं आणि खाली ठेवला. टेबल मी केलेलं होतं, अर्धं का होईना. त्यावर मी मेलो तरी ओतलं नसतं, पण हे बाबांना सांगायचं काही कारण नव्हतं.

"किल्ली हवी की नको?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"हवी. पण तोंड जाळून नको."

"मग याला देतो."

"द्या," मी म्हणालो. मान खाली घातली नाही. फेस पुसला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

फवारा एका उडीत खुर्चीवर. "बघ, मखमल, कशी करतात ती." बाबांनी ओला पंचा घेऊन त्याचं तोंड पुसलं, गाल, हनुवटी, मग मान. पंच्यावर पावडरचा पांढरा चिखल आला. त्यांनी पंचा झटकला, पुन्हा पुसलं आणि तसेच थांबले.

फवाऱ्याची मान माझ्या जुन्या मानेपेक्षा वाईट होती. या कानापासून त्या कानापर्यंत फोड, काही फुटलेले, काही काळे पडलेले. फवाऱ्याने कॉलर वर ओढायला हात नेला, पण पंचा मध्ये होता.

"हे कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"कुठे काय? घामोळं आहे, काका. तुम्ही मारा उलटा हात."

"जळतं का?"

"छे! मला? मी काय मखमल आहे?"

बाबांनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि त्याच्या मानेपाशी नेला. अजून टेकवलाही नव्हता. फवाऱ्याने खुर्चीचे हात असे आवळले की बोटांची पेरं पांढरी झाली, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बाबा तो बोळा तसाच धरून उभे होते. मग त्यांनी कारागिरांकडे बघितलं. एक जमिनीकडे बघत होता. दुसऱ्याने हळूच स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

बाबांनी बोळा बेसिनमध्ये टाकला. खिशातून किल्ली काढली. टेबलाजवळ आले, खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी केली, ती टेबलावर ठेवली आणि मग त्या घडीवर किल्ली. रागातसुद्धा पॉलिशवर लोखंड ठेवायचं त्यांच्या हातून झालं नाही.

"टेबल वेळेवर पोचवायचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मशीन आणायचं नाही." आणि अंगणात निघून गेले.

फवारा खुर्चीवरून उठला आणि माझ्या अंगावरून जाताना पुटपुटला, "ती ट्यूब कुठे मिळते रे? बायकोला हवी आहे." मी म्हटलं, "वहिनींच्या मानेला पण घामोळं आलंय का?" त्याने मला एक शिवी दिली, पण बारीक आवाजात. मी ताईच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी येऊन कारखाना उघडला. पहिलं काम एकच केलं. फळीवरचा डबा उचलून मालाच्या कपाटात ठेवला, लाखेच्या शेजारी, आणि कपाटाला कुलूप लावलं. त्याच्या जागी ट्यूब ठेवली.

बाबा नेहमीसारखे आले. किल्ली दिली म्हणून घरी बसणारा हा माणूस नव्हे. आरशासमोर उभं राहून त्यांनी दाढी केली, पाठमोरे होते म्हणून उलटा हात मारला की नाही ते मला दिसलं नाही. मग त्यांचा हात सवयीने फळीवर गेला.

"डबा कुठे आहे?"

"कपाटात."

"काढ."

"कशाला पॉलिश करायचंय ते सांगा, काढतो."

"माझं तोंड आहे! त्याला काय लावायचं ते तू ठरवणार?"

"तोंड तुमचं, स्पिरिट कारखान्याचं," मी म्हणालो. "किल्ली तुम्हीच दिलीत."

मला वाटलं आता लाकडी पट्टी येणार. ते माझ्याकडे बघत राहिले, मग फळीकडे. ट्यूब उचलून त्यांनी नाकाला लावली. "याला वासच नाही."

"नाहीच."

त्यांनी बोटावर थोडं घेतलं, फार थोडं, आणि गालाला लावलं, पॉलिशचा पहिला थर देतात तसं, पातळ आणि गोल गोल. मग नेहमीप्रमाणे खिडकीकडे वळले आणि उभे राहिले. मी टेबल गुंडाळायला लागलो. बराच वेळ गेला. मी वर बघितलं तर ते वळून माझ्याकडेच बघत होते, जणू मी त्यांना फसवलं होतं.

"जळत नाहीये," ते म्हणाले.

"हो."

"मग झाली हे कळायचं कसं?"

माझ्याजवळ उत्तरं भरपूर होती, आदल्या दिवसापासून साठवलेली, एकाहून एक झोंबणारी. त्यातलं एकही मला द्यावंसं वाटेना. "हात फिरवून बघा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. कानापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला, रेषेच्या बाजूने, अगदी सावकाश. पुन्हा एकदा फिरवला. मग तो हात गालावर तसाच ठेवून ते म्हणाले, "तुझे आजोबा पण स्पिरिट लावलं की या खिडकीशी येऊन उभे राहायचे. मला वाटायचं, ऊन बघतात."